आपलं गांडूळ पास झालं

न बोलावता लग्नाला जाऊन जेवून येणारी माणसं मी पाहिली आहेत. ओळखदेख नसताना मयताला जाऊन खांदा देणारेही पाहिले आहेत. आमचे तांबोळीकाका मात्र न बोलावता पीएच.डी.च्या व्हायवाला जातात. कुणाच्याही. विषय कुठलाही चालतो.

ज्यांच्या घराण्यात अजून कुणी पीएच.डी. केलेली नाही, आणि म्हणून जी घराणी सुखात आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. प्रबंध लिहून झाला की उमेदवाराला परीक्षकांपुढे उभं राहून त्याचं समर्थन करावं लागतं. ही परीक्षा बंद दाराआड होत नाही, खुली असते. विभागाच्या नोटीस बोर्डावर वार, वेळ, खोली लावतात आणि खाली लिहितात की इच्छुकांनी उपस्थित राहावे. या ओळीवर विश्वास ठेवून खरोखर उपस्थित राहिलेला पुण्यातला एकमेव इच्छुक म्हणजे तांबोळीकाका. बाकी खोलीत उमेदवाराची बायको असते, मेहुणा असतो, आणि सरांनी हाताला धरून आणून बसवलेली एम.ए.ची पोरं असतात. त्या पोरांचं लक्ष सामोशांच्या खोक्याकडे असतं.

आम्ही सदाशिव पेठ सोडून विश्रांतवाडीला राहायला आलो तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला विलायतेला निघाल्यासारखा निरोप दिला होता. आत्या तर म्हणाली, पत्र पाठवत जा. नव्या जागेत सामान लावत होतो, तर समोरच्या दारातून एक गृहस्थ आले. पांढरा इस्त्रीचा बुशशर्ट, कानात अत्तराचा फाया, खांद्याला शबनम. मला वाटलं, पाणी कधी येतं ते सांगायला आले असतील. त्यांनी विचारलं, "आपला विषय कोणता?" मी गोंधळून म्हटलं, विमा कंपनीत आहे. ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "विमा. विषय मोठा आहे हो."

हे त्यांचं पालुपद. काकांच्या लेखी लहान विषय जगात नाही. सोसायटीच्या बैठकीत टाकीतला गाळ काढायचं निघालं तेव्हाही ते म्हणाले, गाळ, विषय मोठा आहे. त्याच बैठकीत तिसऱ्या मजल्यावरच्या गळतीवर चर्चा चालली असताना काकांनी उठून सगळ्यांना सांगितलं की नळीतून पाणी वाहतं तेव्हा ते कडेला सावकाश आणि मधोमध जोरात वाहतं, कालच विद्यापीठात एकजण यावर पास झाला. आमचे सेक्रेटरी पक्के नारायण पेठेतले. ते म्हणाले, "मग पाण्याला मधोमधच राहायला सांगा, म्हणजे भिंतीतून येणार नाही." काकांनी हे मनावर घेतलं नाही. बैठक संपल्यावर मला म्हणाले, त्यांचा विषय वेगळा आहे.

नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात केली, सगळा जन्म एक्सचेंजमध्ये. या गावातल्या माणसाला त्या गावातल्या माणसाशी जोडून द्यायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, गुडघे दुखायला लागले की फिरायचे थांबतात. काका आठवड्यातून एक चक्कर विद्यापीठात आणि एक चक्कर गावातल्या संस्थांमध्ये मारतात, सगळे नोटीस बोर्ड वाचून येतात आणि पुढच्या आठवड्याच्या व्हायवा ठरवतात. एकाच दिवशी दोन आल्या तर त्यांची अवस्था दोन घरची आमंत्रणं आलेल्या भटजीसारखी होते.

कुठलाही विषय ते 'आपला' म्हणतात. उद्या आपलं गांडूळ आहे. परवा आपले ताम्रपट होते. प्राकृत व्याकरण आधी जरा घाबरलं होतं, पण नंतर सावरलं. कबड्डीपटूंच्या गुडघ्यांवर एका क्रीडाशिक्षकाने प्रबंध लिहिला होता, त्याचा निकाल काकांनी मला जिन्यातच सांगितला, "गुडघा पास झाला." लाव्हाच्या थरांवर काम करणारी एक किडकिडीत मुलगी आहे, समोरच्यालाही ऐकू जाणार नाही इतकं हळू बोलते. तिला काका ज्वालामुखी म्हणतात. एका रविवारी ते दारातूनच ओरडून म्हणाले की ज्वालामुखीचं जमलं, मुलगा बँकेत आहे. माझ्या बायकोच्या हातातलं ताट पडलं.

त्यांना यातलं काही कळतं का? मी एकदा सरळ विचारलंच. ते म्हणाले, फारसं नाही. मग जाता कशाला, असं विचारल्यावर मात्र ते माझ्यावर जरा नाराज झाले.

"अहो देवधर, एक पोरगं पाच वर्षं एका गांडुळाकडे बघतंय. त्याच्याकडे बघायला कुणी तासभर येऊ नये?"

त्या गांडुळाच्या व्हायवाला मी त्यांच्याबरोबर गेलो, रजा टाकून. तिथे मी काकांचं खरं काम पाहिलं.

सुरुवातीला ते उमेदवाराला गाठतात, शबनममधून खडीसाखरेचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवतात आणि घसा कोरडा पडला की तोंडात टाका म्हणून सांगतात. मग शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसतात. गांडूळवाला मुलगा भेदरलेला होता. घडाघडा पाठ केलेलं इंग्रजी बोलत होता, परीक्षक जांभई दाबत होते, आणि मी रजा फुकट गेली म्हणून हळहळत होतो. परीक्षकांचे प्रश्न संपले. सभागृहात कुणाला काही विचारायचं आहे का, असं गाइडने रीतीप्रमाणे म्हटलं. हे वाक्य कुणी काही विचारावं म्हणून म्हणत नसतात. काका उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "अडलं कुठं?"

इंग्रजीत या प्रश्नाचं उत्तर मुलाने पाठ केलेलं नव्हतं. मग तो मराठीत सांगायला लागला. नारायण पेठेत एका वृद्ध जोडप्याच्या घरी तो खोली घेऊन राहत होता आणि गांडुळं बादल्यांमध्ये पलंगाखाली ठेवत होता. पावसाळ्यात ती बादलीबाहेर निघाली आणि दाराखालून थेट घरमालकिणीच्या देवघरात गेली. बाईंनी रात्रीत खोली खाली करायला लावली. निम्मी गांडुळं त्याने डब्यात भरून नेली, निम्मी गेली ती गेलीच, वर्षाचं काम बुडालं. मग पुढच्या वर्षी त्याने सगळं पहिल्यापासून केलं, आणि ती बादलीबाहेर का निघतात हेच नेमकं शोधून काढलं. परीक्षक खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. पुढे अर्धा तास त्या खोलीत जी चर्चा झाली तिला म्हणतात व्हायवा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी गांडुळांविषयी इतकं बोललो की साहेबांनी मला बोलावून तब्येत विचारली.

त्यानंतर मी काकांच्या वेडाला वेड म्हणायचं सोडलं. प्रत्येकाला हा माणूस तेवढाच एक प्रश्न विचारतो आणि प्रत्येकजण त्याच्यापुढे मन मोकळं करतो. कुणी प्रयोगशाळेत वीज नव्हती म्हणून सांगतं, कुणी ताम्रपट ज्या घरात आहे ते घर भावाभावांच्या भांडणात कुलूपबंद होतं म्हणून सांगतं. पुण्यात विद्वान पैशाला पासरी आहेत. विद्वानाला कुठं अडलं म्हणून विचारणारा आमच्या मजल्यावर राहतो, याचा मला अभिमान वाटायला लागला.

व्हायवा संपवून काका संध्याकाळी घरी येतात. मग आमच्या दोघांच्या दारांना लागून असलेल्या गॅलरीत आमची बैठक बसते आणि त्या दिवशीची व्हायवा ते मला पहिल्यापासून ऐकवतात. मोठ्या आवाजात. मी हाताच्या अंतरावर बसलेला असताना हे एवढ्या खणखणीत का बोलतात, हे मला बरेच महिने कळलं नाही. मग एकदा लक्षात आलं, की बोलताना त्यांचं तोंड माझ्याकडे असलं तरी कान त्यांच्या स्वतःच्या घराकडे असतो. आत टेबलाशी त्यांची मुलगी नसरीन उत्तरपत्रिका तपासत बसलेली असते.

नसरीन कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ऐन उमेदीत तिनेही पीएच.डी.ला नाव घातलं होतं. विषय दगडफूल. गोड्या मसाल्यात घालतो तेच. पुण्याच्या रस्त्यांवरच्या झाडांच्या खोडांवर कुठली दगडफुलं उगवतात, कुठली नाहीशी होतात आणि हवेचा त्याच्याशी काय संबंध, असं काहीतरी. काम निम्मं झालं आणि तिच्या आईला अर्धांगवायू झाला. नसरीनने काम सोडलं आणि आईची सगळी सेवा केली. काही वर्षांनी आई गेली, पण नसरीन विद्यापीठात परत गेली नाही. निम्मा प्रबंध घरात तसाच पडून होता आणि त्याच्याविषयी त्या घरात कुणी बोलत नव्हतं. काकांच्या जिवाला एकच घोर होता. पोरीचं काम पुरं व्हावं. तेवढं मात्र ते तिला तोंडाने म्हणू शकत नव्हते.

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे शेजाऱ्याला बोलायचं आणि लेकीला लागायचं, असा प्रकार होता. मी म्हणजे निव्वळ खांब. पण खांबालाही चहा मिळत असे, आणि नसरीन चहा चांगला करते.

लागत मात्र नव्हतं. गुडघा पास झाला, ताम्रपट पास झाले, आतून फक्त पानं उलटल्याचा आवाज. ती हसल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं ते शालीच्या दिवशी.

झालं असं, की एका विभागात बाहेरगावचे परीक्षक यायचे होते. त्यांना तिथे कुणी आधी पाहिलेलं नव्हतं. काका नेहमीप्रमाणे वेळेआधी पोचले. पांढरा बुशशर्ट, गंभीर चेहरा, अत्तराचा वास. विभागप्रमुख दारातच हात जोडून पुढे आले, काकांना पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीवर बसवलं, समोर काजू ठेवले, खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. काकांना वाटलं, प्रेक्षकांची किंमत अखेर या लोकांना कळली. प्रमुख कानाशी येऊन म्हणाले की मुलगा होतकरू आहे, सांभाळून घ्या. काका म्हणाले, सांभाळून घेणारा मी कोण, विषय मोठा आहे. एवढा विनयशील परीक्षक पाहून सगळा विभाग धास्तावला, कारण असे परीक्षक शेवटी गळा कापतात हा त्यांचा अनुभव. आणि खरे परीक्षक मागे एम.ए.च्या पोरांमध्ये बसले होते. शिपायाने त्यांना हजेरीच्या कागदावर सही करायला लावली आणि सामोसा शेवटी मिळेल म्हणून सांगितलं. अहवालावर सही करायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, सहीचं नाही जमणार, मी टेलिफोनमधला. खरे परीक्षक मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी शाल काकांकडेच राहू दिली.

हे ऐकताना आतून नसरीनचं हसू ऐकू आलं. काका बोलायचे थांबले. मी काही म्हणणार तेवढ्यात त्यांनी मला हातानेच गप्प राहायला सांगितलं आणि तोच किस्सा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

एक्सचेंजमधली जुनी सवयही त्यांची गेली नव्हती. गावकऱ्यांच्या बोलीतले विहिरी आणि माती यांचे शब्द गोळा करणारी एक मुलगी होती. तिच्याकडे दगडांची नावं ढीगभर होती, पण कुठलं नाव कुठल्या दगडाचं ते उमगत नव्हतं. ज्वालामुखीकडे दगड होते, पण त्यांना गावात काय म्हणतात ते माहीत नव्हतं. काकांनी एकीचा नंबर दुसरीला दिला आणि म्हणाले, लाईन जोडून दिली आहे, बोला. दोघी मिळून महिनाभर धानोरी-लोहगावच्या पलीकडच्या विहिरी बघत हिंडल्या. पुढे दोघींनी आपापल्या प्रबंधात एकमेकींचे आभार मानले. भाषा आणि भूगर्भ यांचा काय संबंध, असं मी म्हटलं तर काका म्हणाले, "मी कुठं संबंध जोडला? मी नंबर जोडला."

मग एका संध्याकाळी बुरशीची व्हायवा झाली. गहू की ज्वारी, कशावर तरी पडणाऱ्या बुरशीवर कुणीतरी पास झालं होतं. काका गॅलरीत बसून सांगत होते आणि सांगता सांगता सहज म्हणाले, ते आपलं दगडफूल असतं ना देवधर, तेही म्हणजे नुसती बुरशीच.

आत खुर्ची सरकली. नसरीन दारात आली. हातात लाल पेन.

"नुसती बुरशी नाही, अब्बा. बुरशी आणि शेवाळ, दोघं मिळून दगडफूल होतं."

काका म्हणाले, असं का, आज तिथे तर नुसती बुरशी म्हणत होते. कोण म्हणत होतं, नसरीनने विचारलं. काकांना नाव आठवेना. मग ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि तिने आम्हा दोघांना दगडफूल समजावून सांगितलं. शेवाळ अन्न तयार करतं, बुरशी ओल धरून ठेवते आणि आसरा देते, उघड्या दगडावर दोघांपैकी एकटं कुणी टिकलं नसतं. अंधार पडला तरी ती सांगतच होती. इतक्या वर्षांत तिला एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं. चहा कुणी केलाच नाही, आणि मी मागितलाही नाही.

काका मुद्दाम चुकले का? मी नंतर खोदून खोदून विचारलं. ते शपथेवर सांगतात की नाही, बुरशीच्या विषयात माझा खरंच गोंधळ झाला. मी विम्यात आयुष्य काढलं आहे. खोटा दावा मला वासावरून कळतो.

पुढच्या रविवारी नसरीन आपली झाडं बघायला गेली. काका स्कूटर चालवत होते, ती मागे भिंग घेऊन बसली होती. दोघं दुपारी परत आले ते मान खाली घालून. आळंदी रस्ता रुंद झाला होता आणि तिची निम्मी झाडं राहिलीच नव्हती. आता हे सगळं इथेच संपलं, असं मला वाटलं. पण सोमवारी ती उठून आपल्या गाइडकडे गेली.

या गाइड म्हणजे परांजपेबाई. त्यांच्याविषयी मी नसरीनकडून इतकं ऐकलं होतं, की मी घरातही जपून बोलायला लागलो होतो. बाईंच्या हाताखालून गेलेल्या एकाही प्रबंधात 'बहुधा' हा शब्द नाही. कुणी लिहिलाच तर त्या त्याच्याभोवती गोल करून समासात विचारतात, पुरावा? एका विद्यार्थ्याने प्रस्तावनेत 'माझ्या आईवडिलांच्या आशीर्वादाने हे काम पूर्ण झाले' असं लिहिलं, तर तिथेही त्यांनी तोच शब्द लिहिला. अशा बाई नसरीनला इतक्या वर्षांनी पाहून एवढंच म्हणाल्या, की उशीर झाला आहे, बस. तोडलेल्या झाडांचं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नाहीत तर नाहीत असं लिही, आणि का नाहीत ते दाखव.

मग दोन पावसाळे त्या घरात दुसरा विषय नव्हता. काका स्कूटरवर, नसरीन मागे. काकांनी या काळात इतरांच्या व्हायवा सोडल्या नाहीत, पण गॅलरीतला त्यांचा आवाज खाली आला. आता ते माझ्याशी माझ्यापुरतंच बोलत. प्रबंध परीक्षकांकडे गेला, त्यांचे अहवाल आले, आणि विभागाच्या नोटीस बोर्डावर नसरीन उस्मान तांबोळी हे नाव लागलं. काका ते वाचायला लागोपाठ तीन दिवस गेले. नाव बदललं नाही ना ते बघतो, म्हणाले.

त्याच आठवड्यात नसरीनने चहा देता देता सांगितलं, "अब्बा, तुम्ही यायचं. पण तुमचा प्रश्न विचारायचा नाही."

मला वाटलं, लाज वाटत असेल. चारचौघांत बापाने उठून असं विचारायचं म्हणजे कुणालाही संकोच वाटेल. काका मात्र लगेच हो म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. व्हायवाच्या आदल्या संध्याकाळी ते गॅलरीत आले. मी म्हटलं, एक दिवस नाही विचारलं म्हणून काय बिघडलं? तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं.

"तिची आई पडली तेव्हा ही म्हणत होती, अब्बा, दुपारचे दोन तास जाऊन येते. शेजारी बसायला बाई मिळत होती. मी म्हटलं, घरात माणूस असं पडलंय आणि तू झाडं खरवडत फिरणार? दुसऱ्या दिवशी मीच गेलो परांजपेबाईंकडे. सांगून आलो, ती आता येणार नाही, तिचं नाव काढून टाका. बाईंनी नाव काढलं नाही, हे माझं नशीब. पण मी जगाला विचारत फिरतो अडलं कुठं. उद्या तिथे हा प्रश्न निघाला आणि पोरीनं खरं सांगितलं, तर मी कुठं बघू?"

नुकसान झालेल्या माणसाशी काय बोलू नये, एवढंच आमच्या कंपनीत शिकवतात. काय बोलावं ते शिकवत नाहीत. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो.

व्हायवासाठी वनस्पतिशास्त्राने नेहमीची छोटी खोली ठेवली होती. आम्ही पोचलो तर व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. ज्वालामुखी आली होती, नवऱ्याला घेऊन. ताम्रपट आले होते. प्राकृत व्याकरण आलं होतं. कबड्डीवाले सर संघातल्या चार मुली घेऊन आले होते. नळीतल्या पाण्यावर पास झालेला इंजिनियर ऑफिस सोडून आला होता. गांडूळवाला आता नगरकडे प्राध्यापक झाला आहे, पोट सुटलं आहे, तो पहाटेच्या एस.टी.ने आला होता. काकांनी कुणालाही बोलावलं नव्हतं. सगळ्यांनी नोटीस बोर्ड वाचला होता किंवा एकमेकांना फोन केले होते. शिपायाने वैतागून विचारलं, ही सगळी मंडळी कुठल्या विषयाची? मी छाती पुढे काढून सांगितलं, सगळ्या. विभागाला शेवटी मोठं सभागृह उघडावं लागलं आणि तेही भरलं. माझ्या जन्मात मी एवढा मिरवलो नव्हतो, माझ्या लग्नातसुद्धा नाही.

काका शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसले. मी त्यांच्या शेजारी.

नसरीन फार छान बोलली. पाठ केलेलं काही नव्हतं. गर्दीचे रस्ते कुठले, तिथे कुठली दगडफुलं आधी जातात, बागेतल्या जुन्या झाडांवर कुठली अजून तग धरून आहेत, सगळं चित्रं दाखवून सांगितलं. प्रत्येक वाक्यामागे मोजणी होती. परांजपेबाई पहिल्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या आणि एकदाही त्यांच्या कपाळाला आठी पडली नाही. कोल्हापूरहून आलेल्या परीक्षकांनी कसून प्रश्न विचारले. ती कुठेही डगमगली नाही. काका ओठ हलवत होते, तिची वाक्यं तिच्याआधी म्हणत होते.

मग बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, सभागृहात कुणाला काही विचारायचं आहे का.

सगळं सभागृह वळून आमच्याकडे बघायला लागलं. काकांनी नजर बुटांवर ठेवली. तेवढ्यात मधल्या रांगेतून गांडूळवाला उठला. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो हसत म्हणाला, "तांबोळीसाहेब आज वडील म्हणून आलेत, तर त्यांच्या वतीनं मी विचारतो. मॅडम, अडलं कुठं?"

लोकांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

नसरीन म्हणाली की झाडं तोडली गेली तिथे अडलं. ते उत्तर पुरेसं होतं. गांडूळवाला समाधानाने खाली बसला. पण कोल्हापूरचे परीक्षक प्रबंध चाळत होते. ते म्हणाले, झाडं नंतर गेली, त्याच्याही आधी मधली काही वर्षं तुमच्या नोंदीच नाहीत, तेव्हा काय झालं?

नसरीनने समोरच्या गर्दीवरून शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"आई आजारी होती, सर. अब्बा रोज म्हणायचे, तू जा, मी बघतो तिच्याकडे. मीच ऐकलं नाही."

मी परांजपेबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली होती. ज्या माणसाने स्वतः येऊन त्यांना याच्या नेमकं उलटं सांगितलं होतं तो माणूस त्यांना समोर दिसत होता. तासाभरात पुराव्याशिवाय आलेलं हे पहिलंच वाक्य होतं, आणि ते त्यांच्या विद्यार्थिनीने त्यांच्याच देखत उच्चारलं होतं.

बाई परीक्षकांकडे वळल्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ते तेव्हा मला भेटून तसं सांगून गेले होते. मला चांगलं आठवतं."

परीक्षकांनी मान हलवली आणि पान उलटलं. काकांनी माझं मनगट सोडलं, रुमाल काढून तोंडावर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. एवढ्या सगळ्या विषयांच्या विद्वानांसमोर दोन बायका सपशेल खोटं बोलल्या होत्या, आणि मला दोघींचा इतका अभिमान वाटला की काय करावं कळेना. निकाल अजून वाचायचा होता, टाळ्यांची वेळ झाली नव्हती. मी वाजवल्या.